दिवाळीत घोरेपानी–पून हिल: आठ वर्षांचा मुलगा आणि आजी बरोबर, मुक्काम कसे पाडावेत?

सड्यावरचा (गुहागर)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत नेपाळमधला घोरेपानी–पून हिल–घांद्रुक हा ट्रेक घरच्यांना घेऊन करायचा विचार आहे. तंबू नको, शिधा-भांडी नको. रोज दुपारी-संध्याकाळी एका लॉजवर पोचायचं, जेवायचं, झोपायचं आणि सकाळी पुढच्या गावाला निघायचं, एवढंच हवं आहे. माणसं पाच: आम्ही दोघं, मुलगी १२, मुलगा ८ आणि आई ६४. आई रोज पाखाडी चढून देवळात जाते, पण उतरताना तिचा डावा गुडघा बोलतो.

आम्ही पडलो समुद्राकाठची माणसं. थंडी म्हणजे जानेवारीतली पहाट, त्यापलीकडे ठाऊक नाही. मुलांचा अनुभव म्हणजे रसाळगड एकदा. एजन्सीवाले म्हणतात, पोखरा ते पोखरा ३ रात्री ४ दिवस, सहज होतो. खरंच होतो का? उंचीचा त्रास मुलांना कितपत होईल, उल्लेरीच्या पायऱ्यांचं काय करायचं, कपडे किती न्यायचे, आणि मासे-भातावर वाढलेली पोरं तिथे काय खातील, हे सगळं विचारायचं आहे. सुट्टी बारा दिवसांची आहे, प्रवास त्यातच.

पाखाडी_मोजणारा

तीन रात्रींत होतो, पण मोठ्यांचा. त्या आखणीत तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून पून हिल (घोरेपानीच्या वरची टेकडी, लोक सूर्योदय बघायला जातात ती) चढायची, खाली येऊन नाश्ता करायचा आणि लगेच ताडापानीच्या वाटेला लागायचं. तिथपर्यंत पुन्हा पाच-सहा तासांची चढ-उतार. आठ वर्षांच्या पोराचा तो दिवस अकरा वाजताच संपतो. पुढचं त्याला ओढत नेण्यात जातं. म्हणून एक गोष्ट पक्की करा, घोरेपानीला दोन रात्री. बाकी सगळं मागेपुढे करता येतं.

मुक्काम असे पाडा. पहिल्या दिवशी पोखराहून (उंची सुमारे ८२० मीटर) जीपने नयापूल, बिरेठांटीवरून थेट उल्लेरी. रस्ता पुढे कच्चा आणि वळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी. उल्लेरी साधारण २००० मीटरवर आहे, रात्र तिथेच किंवा तासाभराच्या चढावर बनठांटीला. दुसऱ्या दिवशी बनठांटी, नांगेठांटी करत घोरेपानी, सुमारे २८६० मीटर. मोठ्यांना चार-पाच तास लागतात, तुम्ही सहा-सात धरा. लॉजच्या फलकांवरच्या आणि गाइडने सांगितलेल्या वेळेला मुलांसाठी दीडने गुणायचं, म्हणजे हिशेब बरोबर येतो. तिसऱ्या दिवशी पहाटे पून हिल आणि मग दिवसभर आराम. चौथ्या दिवशी ताडापानी (सुमारे २६३०), पाचव्या दिवशी घांद्रुक (२००० च्या आसपास), सहाव्या दिवशी किमचेला उतरून गाडीने पोखरा.

दोन रात्रींचा दुसरा फायदा म्हणजे पहिल्या पहाटे ढग असले तर दुसरी पहाट हाताशी राहते. तीही गेली तरी हळहळू नका. घोरेपानीहून ताडापानीला जाताना देउरालीच्या खिंडीकडे चढणारी धार लागते, तिथून जवळपास तोच देखावा दिसतो: धौलागिरी (८१६७ मीटर), अन्नपूर्णा दक्षिण (७२१९), हिउंचुली, आणि पूर्वेला माछापुच्छ्रेचं टोक (६९९३).

नकाशा बघताना एक घोटाळा होतो. या वाटेवर बनठांटी नावाच्या दोन जागा आहेत, एक उल्लेरीच्या वर आणि एक देउरालीच्या पलीकडे उतारावर. देउराली तर नेपाळभर आहेत, कारण देउराली म्हणजे खिंड. फोनवर मुक्काम ठरवताना 'ताडापानीच्या बाजूची बनठांटी' असं स्पष्ट सांगा. आणि घोरेपानी म्हणजे घोडा-पाणी, मुलांना नाव लक्षात ठेवायला सोपं.

काळकाई_वाट

बाकी आखणी पटली, पण पहिल्या दिवशी थेट उल्लेरीपर्यंत जीप हे पटलं नाही. तिखेढुंग्याला (सुमारे १५४० मीटर) राहा आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढा. तीन हजारांवर दगडी पायऱ्या आहेत हे खरं, पण चढ साडेचारशे मीटरच्या आसपासच आहे. कोणाला जमत नसेल तर ते इथेच कळावं. खाली रस्ता आहे, जीप आहे, परतता येतं. तेच देउरालीच्या पलीकडे जंगलात कळलं तर पुढे-मागे दोन्हीकडे चालावंच लागतं.

पाखाडी_मोजणारा

मुद्दा बरोबर आहे, माणसं वेगळी आहेत. १२ वर्षांची मुलगी आणि आईबाप असते तर मीही तेच म्हटलं असतं. इथे ६४ वर्षांचा गुडघा आहे. पहिल्याच सकाळी तीन हजार पायऱ्यांवर तो खर्ची घालून पुढच्या चार दिवसांच्या उतारांना काय उरणार? परीक्षाच घ्यायची तर ती घरी घ्यावी.

घरची परीक्षा अशी. गावातल्या एखाद्या पाखाडीच्या पायऱ्या मोजा. पायरी साधारण १६-१७ सेंटिमीटरची धरली तर १०० पायऱ्यांना १६-१७ मीटर चढ होतो. पहिल्या आठवड्यात शंभर पायऱ्यांच्या तीन फेऱ्या, मग दर आठवड्याला दोन वाढवत आठव्या आठवड्यापर्यंत सतरा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. पाठीवर मोठ्यांनी पाच किलो घ्यावं, मुलांनी फक्त पाण्याची बाटली. चढताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे.

पण दिवाळीसाठी तयारी म्हणजे श्रावण-भाद्रपदात चालणं आलं. शेवाळलेल्या जांभ्यावर उतरायचा सराव अजिबात करू नका, घोटा तिथेच जायचा. पावसात शाळेचा नाहीतर सोसायटीचा छपराखालचा जिना वापरा. नवरात्रानंतर वाटा सुकल्या की खरी पाखाडी, आणि एका रविवारी पुन्हा रसाळगड. सुमारगडच्या वाटेला मुलांना नेऊ नका, ती वेगळ्या जातीची आहे.

उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करा. पायऱ्या उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन तोलतो, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं आणि गुडघ्यावर भारही उतरतानाच जास्त पडतो. आईंसाठी दोन ट्रेकिंग पोल घ्या, एक नव्हे. उतारावर पोल पाच-सात सेंटिमीटर लांब करायचे, दोन्ही खालच्या पायरीवर आधी टेकवायचे, मग पाय टाकायचा. ही लय घरी बसली नसेल तर तिथे पोल पायात येतात.

खाडीपलीकडची

उंचीबद्दल. त्रास साधारण २५०० मीटरच्या वर झोपल्यावर सुरू होऊ शकतो. या वाटेवर तशा जागा दोनच, घोरेपानी आणि ताडापानी. पून हिल ३२१० मीटर, तिथे तासभर थांबून परत खाली यायचं असतं. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, म्हणून कोकणातल्या माणसाला चढताना धाप लागणारच. ती दोन-चार मिनिटं थांबल्यावर बसली तर काळजी नाही.

मोठा माणूस 'डोकं दुखतंय' म्हणतो. आठ वर्षांचं मूल म्हणत नाही. ते चिडचिड करतं, जेवणाचं ताट बाजूला सारतं, खेळायचं सोडून आडवं होतं, उलटी करतं. २५०० च्या वर यातलं काही दिसलं की 'दमला असेल' म्हणून सोडू नका, उलटा हिशेब धरा: दुसरं कारण सापडेपर्यंत उंचीच. वर चढायचं थांबवा, पाणी, विश्रांती, लागलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल (एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, पुन्हा द्यायचं तर निदान चार-सहा तासांनी). वाढत गेलं, तोल जायला लागला, झोपेतून नीट जागं होईना किंवा स्वस्थ बसूनही धाप लागली, तर रात्र असली तरी उतरायचं. घोरेपानीहून उल्लेरीकडे उतार सरळ आहे आणि खाली जीपचा रस्ता आहे, म्हणूनच ही वाट मुलांसाठी बरी.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) या उंचीला सहसा लागत नाही. तरी आईंच्या बीपीच्या वगैरे गोळ्या असतील तर डॉक्टरांना वाट आणि उंची सांगून विचारा. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच.

थंडीचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी, म्हणजे पून हिलवर समुद्रकाठापेक्षा वीस-एक अंश कमी, आणि पहाटेचं वेगळं. दिवाळीच्या सुमाराला तिथे पहाटे पारा शून्याच्या आसपास असू शकतो, वर वारा. पण दिवसा उन्हात चढताना घाम फुटतो. म्हणून एकच जाड स्वेटर उपयोगाचा नाही, थर हवेत. अंगालगत सिंथेटिक किंवा लोकरी टी-शर्ट, वर फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती बनियन घालून चढलात की ती घामाने भिजते, सुकत नाही आणि थांबल्यावर अंग गार पाडते. पोरं सर्दी-खोकल्याने पडतात ती याच बनियनपायी असं घरची मंडळी म्हणतील. खरं कारण काही असो, ओल्या कपड्यात ठेवायचं नाही. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका, पोखराच्या लेकसाइडला भाड्याने मिळतात. मुलांच्या मापाचं जॅकेट मात्र मिळेलच असं नाही, ते घरून न्या.

पून हिलला लोक घामाघूम होऊन पोचतात आणि सूर्याची वाट बघत अर्धा तास कुडकुडतात. वर पोचल्यावर घालायला एक कोरडा टी-शर्ट पिशवीत ठेवा.

जांभ्याचा_चिरा

बुटांबद्दल कोणी बोललं नाही. कोकणात हे सगळ्यात आधी बघायला हवं. तीन-चार वर्षांपूर्वी घेतलेले, दोनदा वापरलेले ट्रेकिंगचे बूट माळ्यावर असतील तर ते घालून थेट जाऊ नका. बऱ्याच बुटांच्या सोलमधला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत तो नुसता ठेवल्या-ठेवल्या आतून कुजतो, वरून बूट नवाकोरा दिसतो. दुसऱ्या दिवशी उतारावर अख्खा सोल जबड्यासारखा उघडतो. अंगठ्याने मधला थर दाबून बघा, भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर बूट गेला. पास झाला तर निदान ४० किलोमीटर चालून बघा. वाटेत सोल सुटलाच तर चिकटपट्टी आणि नाडीने आडवा-उभा बांधून एक दिवस निघतो, म्हणून दोन-तीन मीटर चिकटपट्टी पाण्याच्या बाटलीला गुंडाळून ठेवा.

मुलांचे बूट अर्धा-एक नंबर मोठे हवेत. उतारावर अंगठा पुढे आपटतो, नखं काळी पडतात. नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. टाच लाल दिसली की तेव्हाच टेप लावायची. फोड आल्यावर लावलेली टेप फोडासकट निघते.

आणि खोबरेल तेलाची बाटली नेताय तर एवढं लक्षात ठेवा की ते २४ अंशांखाली थिजतं. घोरेपानीला आजीला बाटलीतून दगड मिळेल. छोट्या डबीत न्या, बोटाने काढता येतं.

सड्यावरचा (गुहागर)

बूट माळ्यावरून काढले. एक जोडी दाबल्यावर भुगा पडला, आभार.

दोन शंका. सगळे मिळून निघालो आणि घोरेपानीला आईचा गुडघा बसला तर काय? आणि खाण्याचं राहिलं.

पाखाडी_मोजणारा

गुडघ्यासाठी वाट आधीच दोन भागांत बघून ठेवा. उल्लेरी ते घोरेपानी बहुतेक चढ आहे, तो आईंना जमेल. खरी कसोटी देउराली ते ताडापानी, कारण खिंडीतून घळीत उतरणाऱ्या पायऱ्या सावलीतल्या आणि ओल्या असतात, आणि तळाला ओढा ओलांडून पुन्हा ताडापानीचा उभा चढ लागतो. घोरेपानीच्या मोकळ्या दिवशी गुडघ्याला सूज दिसली तर आई आणि तुमच्यापैकी एकाने आल्या वाटेने उल्लेरीला उतरावं, जीपने बिरेठांटीला यावं आणि तिथून मोदी खोला या नदीच्या बाजूच्या रस्त्याने किमचेकडे जावं. किमचेहून घांद्रुकला पायऱ्यांचा चढ आहे, आईंच्या चालीने दोन तास धरा. उरलेले तिघं गाइडबरोबर ताडापानीवरून येतील, भेट घांद्रुकला. यासाठी माणसं दोन हवीत, एक गाइड आणि एक पोर्टर. २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरांना गाइड सक्तीचा केला आहेच, पण मुलं असताना नियम नसता तरी घ्यावा.

एका पोर्टरवर २० किलोपेक्षा जास्त लादू नका, त्यात त्याचं स्वतःचं सामानही येतं. पाच माणसांत दोन मोठ्या बॅगा एवढंच सामान करा. पोर्टरच्या पायात नीट बूट आहेत ना आणि त्याचा विमा आहे ना, हे निघण्याआधी विचारायचं असतं. मुलाच्या पाठीवर पाणी, टोपी, जॅकेट, बस.

वाटेत खेचरांचे तांडे येतात. घंटांचा आवाज आला की पोरांना डोंगराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभं करायचं. दरीच्या कडेला कधीच नाही. खेचराच्या पाठीवरचं ओझं रुंद असतं आणि त्याला त्याचा अंदाज नसतो. हा नियम पहिल्याच दिवशी घटवून घ्या.

खाडीपलीकडची

खाणं. लॉजची कमाई खोलीत नसते, स्वयंपाकघरात असते. म्हणून जिथे झोपायचं तिथेच रात्रीचं जेवण आणि नाश्ता घ्यायचा, असा रिवाज आहे. आपला स्टोव्ह काढून कुळथाची पिठी रटरटवायला बसणं बरं दिसत नाही. डाळ-भात सगळीकडे मिळतो, डाळ-भात-भाजी पुन्हा वाढतात, पोरांना तेच सोसतं. साधा भात आणि तूप मागून वर घरचं मेतकूट घातलं तर आठ वर्षांचाही तक्रार करणार नाही. अंडी मिळतात. मोमो मागवताना आत काय आहे ते विचारा, 'बफ' म्हणजे म्हशीचं मांस. रस्त्यापासून लांबच्या गावात चिकनपेक्षा अंडं बरं. मासळी विसरा, सुकटही नेऊ नका, प्लायवुडच्या भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाचा विचार करा.

वाटेत चघळायला आंब्याचं साट, फणसपोळी, काजूगर आणि शेंगदाण्याची चिक्की यासारखं दुसरं काही नाही. दर पाऊण तासाला थोडं-थोडं द्या, भूक लागायच्या आधी. मूल बसकण मारतं ते पाय दुखले म्हणून कमी आणि पोटात काही नाही म्हणून जास्त.

रात्रीच्या जेवणाची ऑर्डर पोचल्या-पोचल्या द्या आणि वेळ सांगा. सगळ्यांनी एकच पदार्थ मागवला तर लवकर येतं. पाच जणांनी पाच पदार्थ सांगितले की मुलं टेबलावर झोपतात.

पाणी नळाचं थेट नको. उकळलेलं विकत मिळतं, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. कोकम सरबताचा आगळ घालायचाच असेल तर तो अर्धा तास झाल्यावर. आधी घातला तर गोळीचं काम बिघडतं. रात्री स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून मुलाच्या पायाशी ठेवा, सकाळी तेच पाणी प्यायला. खोल्यांत शेगडी नसते, ती फक्त जेवणाच्या हॉलमध्ये. ओले मोजे तिच्याभोवती संध्याकाळी लवकर टांगा, नंतर जागा मिळत नाही.

काळकाई_वाट

प्रवास आणि कागद. कोकणकन्येने ठाण्याला उतरून लोकलने कल्याण, तिथून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, मग सुमारे शंभर किलोमीटर सोनौली, पायी सीमा ओलांडून भैरहवाहून पोखराची बस. मुलांना घेऊन एका बाजूचे अडीच-तीन दिवस जातात. बारा दिवसांत ट्रेकचे सहा काढले तर दोन्ही बाजू रेल्वेने करण्यात उसंत राहत नाही. निदान एक बाजू मुंबई–काठमांडू विमानाने करा.

व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, त्यांना आधार चालत नाही. आई ६४ च्या आहेत. सवलत ६५ च्या वर आहे, त्यामुळे त्यांचंही मतदार कार्ड शोधून ठेवा. १५ वर्षांखालच्या मुलांना फोटो असलेलं ओळखपत्र चालतं, जन्मदाखलाही सोबत ठेवा. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना पोखरात काढायचा, प्रत्येकी दोन पासपोर्ट फोटो न्या. १० वर्षांखालच्यांना शुल्क नाही. बिरेठांटीला आणि घोरेपानीला तो तपासतात, बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

१ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. वाटेवर एटीएमच्या भरवशावर राहू नका, रोकड पोखरातच काढा. भारतीय नोटा नेल्यात तर शंभरच्या न्या, मोठ्या नोटांचे नियम बदलत राहिले आहेत.

शेवटचं, तारखा. आपली दिवाळी तीच त्यांची तिहार. नरकचतुर्दशीच्या सुमाराला कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालून पूजा करतात, मुलगा खूश होईल. पण भाऊबीजेला तिथे भाईटीका असते, त्या दिवशी गाड्या कमी आणि गाइड-पोर्टर घरी जायच्या घाईत. किमचे–पोखरा प्रवास त्या दिवशी येऊ देऊ नका. भाऊबीज घांद्रुकच्या लॉजवर करा, ओवाळायचं ताम्हन घरून नेलंत तरी चालेल.